फुल फ्रेम की क्रॉप? आधी लेन्सचं तोंड मोजा

हौसेनं फोटो काढणाऱ्याला दोन-तीन वर्षांत एक प्रश्न हटकून पडतो: आता फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचा का? दुकानदार आणि सोबतचे मित्र बहुधा 'घेऊन टाक' म्हणतात. मी मात्र आधी विचारतो, लेन्स कोणती लावणार? या प्रश्नामागे साधं भौतिकशास्त्र आहे, आणि ते नीट कळलं तर बरेच पैसे वाचू शकतात.

आधी मापं. कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप म्हणजे सेन्सर. तो मोठा असेल तर फुल फ्रेम, लहान असेल तर क्रॉप. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजी यांचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटरच्या आसपास. कॅननचा त्याहून थोडा लहान. ३६ बाय २४ या मापात काही जादू नाही. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींच्या जागेत एक फोटो बसवला. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि पुढे तेच माप रूढ झालं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर फार महाग पडत होता. चिप छापणारं यंत्र एका वेळी साधारण २६ बाय ३३ मिलिमीटरचाच भाग उमटवतं. फुल फ्रेम त्यात मावत नाही, म्हणून तो तुकड्यांत छापून जुळवावा लागतो. शिवाय सेन्सर जेवढा मोठा, तेवढी त्यात सिलिकॉनचा एखादा दोष येण्याची शक्यता जास्त. किमतीतला बराचसा फरक इथून येतो.

आता मुख्य मुद्दा, प्रकाशाचा. अंधारात काढलेल्या फोटोत जे दाणे दिसतात, ज्याला आपण नॉइज म्हणतो, तो सगळा कॅमेऱ्याचा दोष नसतो. प्रकाश सलग येत नाही, तो फोटॉनच्या रूपात सुटा सुटा येतो, आणि त्यांच्या येण्यात मुळातच कमीजास्तपणा असतो. एखाद्या जागी सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्यात साधारण १०० इकडेतिकडे होतात, म्हणजे एक टक्का. त्याच जागी ४०० पडले, तर २० इकडेतिकडे होतात, म्हणजे पाच टक्के. हा चढउतार डोळ्यांना दाण्यांच्या रूपात दिसतो. तो कमी करायचा खात्रीचा मार्ग एकच, जास्त प्रकाश गोळा करणं. आयएसओ, म्हणजे चित्र किती उजळायचं ते सांगणारा आकडा, वाढवल्यानं प्रकाश वाढत नाही, आलेल्या प्रकाशाचं चित्र फक्त उजळ होतं.

दोन्ही कॅमेऱ्यांवर अ‍ॅपर्चर (लेन्सवरचा एफ/२.८, एफ/४ असा आकडा) आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) सारखे ठेवले, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सारखाच प्रकाश पडतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ २.३६ पट, म्हणून एकूण प्रकाशही तेवढ्या पटीनं जास्त. स्टॉपच्या हिशेबात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) हा फरक सव्वा स्टॉपचा. क्रॉपवर आयएसओ ३२०० ला जेवढे दाणे दिसतात, साधारण तेवढेच फुल फ्रेमवर सात-साडेसात हजाराला दिसतील. फायदा खरा आहे, पण 'अ‍ॅपर्चर सारखं' ही अट विसरून चालत नाही.

एफ/२.८ म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेल्या ५० मिलिमीटरसारख्या मापाला; ते जेवढं मोठं, तेवढं दृश्य जवळ दिसतं) २.८ नं भागल्यावर येईल तेवढ्या व्यासाचं तोंड. एकाच जागी उभं राहून एकच दृश्य टिपायचं असेल, तर दृश्यातून किती प्रकाश आत येणार हे या तोंडाचा व्यास आणि शटर किती वेळ उघडं राहतं, यावर ठरतं. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ/२.८ लावलं तर तोंड जवळजवळ १८ मिलिमीटरचं. तेवढंच दृश्य फुल फ्रेमवर घ्यायला ७५ मिलिमीटर लागतात. झूम एफ/४ ची असेल, तर तोंड पावणेएकोणीस मिलिमीटरचं. म्हणजे जवळपास तेवढंच. फुल फ्रेमवर आयएसओ १६०० ऐवजी ३२०० करावा लागेल आणि दोन्ही फोटोंतले दाणे जवळजवळ सारखे निघतील. मागची धूसरताही याच तोंडावर अवलंबून असते, त्यामुळे तीही सारखीच.

हा हिशेब मी कागदावरचा सांगत नाही, विकत मिळणाऱ्या लेन्सचा सांगतोय. सोनीच्या क्रॉप बॉडीसाठी (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यासाठी) सिग्माची १८-५० एफ/२.८ झूम मिळते, वजन सुमारे २९० ग्रॅम. सोनीचीच फुल फ्रेमची २४-१०५ एफ/४ सुमारे ६६३ ग्रॅमची. दुसरीची रेंज खूप मोठी आहे, हे मान्य. पण लग्नाच्या हॉलमध्ये उभं राहून फोटो काढताना दाण्यांच्या बाबतीत ती पहिलीला फारसं मागे टाकणार नाही. बॉडीवर सगळे पैसे घालून त्यावर एफ/४ ची झूम लावणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

फुल फ्रेमची खरी कमाल दिसते ती मोठ्या तोंडाच्या प्राइम लेन्सवर, म्हणजे झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सवर. चेहऱ्यांच्या फोटोंसाठी फुजीची ५६ मिलिमीटर एफ/१.२ घ्या, तोंड साधारण ४७ मिलिमीटर. फुल फ्रेमवरच्या ८५ मिलिमीटर एफ/१.८ चं तोंडही तेवढंच, आणि ती लेन्स सहसा बरीच स्वस्त मिळते. ८५ एफ/१.४ घेतली तर तोंड ६१ मिलिमीटरवर जातं, आणि तिची बरोबरी करणारी लेन्स क्रॉपसाठी शोधणं अवघड. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ला डोंगर-दऱ्या टिपणाऱ्यांचाही फायदा होतो. मोठा सेन्सर भरून वाहण्याआधी एकूण जास्त प्रकाश साठवतो, म्हणून सावल्या उजळवताना त्यात कमी दाणे उठतात.

पक्ष्यांच्या फोटोंचं गणित निराळं. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) टिपायला जाणारे सांगतात, क्रॉपवर ३०० ची लेन्स ४५० होते. लेन्स ३०० चीच राहते, चित्राच्या कडा तेवढ्या सेन्सरबाहेर जातात. पक्ष्यावर किती पिक्सेल बसले, ही खरी मोजायची गोष्ट. निकॉन डी५०० हा क्रॉप कॅमेरा २०.९ मेगापिक्सेलचा. डी८५० हा ४५.७ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, त्याचा मधला क्रॉपएवढा भाग कापून घेतला तर १९.४ मेगापिक्सेल उरतात. म्हणजे त्या पक्ष्यापुरते दोघे जवळजवळ बरोबरीचे. मात्र २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तोच भाग कापला तर दहाच्या आसपास उरतात, आणि दूरच्या छोट्या पक्ष्याच्या पिसांचे बारकावे तिथे हातचे जातात. लेन्स बदलणं परवडणार नसेल आणि आवड पक्ष्यांचीच असेल, तर भरपूर मेगापिक्सेलचा महाग फुल फ्रेम सोडला, तर क्रॉप कॅमेरा हीच शहाणी निवड.

लेन्सच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. एकाच माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या खाचेत) फुल फ्रेमची लेन्स क्रॉपच्या बॉडीवर सहसा चालते. उलट केलं तर चित्राचे कोपरे काळे पडतात किंवा कॅमेरा स्वतःच मधला भाग कापून घेतो. म्हणून पुढे कधीतरी फुल फ्रेम घ्यायचा विचार पक्का असेल, तर लांब पल्ल्याच्या लेन्स आजच त्या मापाच्या घ्याव्यात. रुंद दृश्याच्या मात्र घेऊ नयेत. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरला मिळणारा रुंदपणा क्रॉपवर १६ मिलिमीटरशिवाय मिळत नाही, आणि मोठ्या मापाची तेवढी रुंद लेन्स जड आणि महाग असते.

निर्णय घ्यायच्या आधी आपल्या गेल्या वर्षभराच्या फोटोंची माहिती उघडा. प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ नोंदलेले असतात. आवडलेल्या फोटोंत एफ/१.४ किंवा एफ/१.८ लावूनही आयएसओ ६४०० च्या वर गेलेले पुष्कळ दिसले, तर फुल फ्रेम तुमच्या कामाचा आहे. तेच फोटो किट लेन्सनं (कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सनं) एफ/५.६ वर काढलेले असतील, तर त्या पैशांत आधी एक एफ/१.८ ची प्राइम घ्या. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलात की प्रकाश नऊ-दहा पट वाढतो. बॉडी बदलून मिळणार होता सव्वादोन-अडीच पट.