भाकर, करंजी आणि भाताची लोंबी

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस देवाकडे पाव मागत नाही. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं म्हणतो. नाताळ, पाद्री आणि पाव हे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. पहिले दोन ख्रिस्ती घरांत मुरले, प्रार्थनेत मात्र भाकरच थापली गेली. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी कोकणपट्टीत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जात. त्या किती खऱ्या हा प्रश्न वेगळा, पण ज्या शब्दाला बाटण्याचा वास लागलेला, तो ओठावर घेऊन देवासमोर उभं राहणं जड गेलं असतं. नाताळच्या अंकांत, चर्चच्या पत्रिकांत दिसणारी छोटी मननं, म्हणजे चुलीवरून, शेतावरून, फराळाच्या ताटावरून श्रद्धेकडे वळणारं लेखन, समजून घ्यायचं तर या भाकरीपासून सुरुवात केलेली बरी.

मागे जावं तर थेट गोव्यातल्या राचोलला. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षं त्यानं बहुतेक गोव्याच्याच साष्टी भागात काढली. ख्रिस्ताची कथा ओव्यांत सांगणारं त्याचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोललाच छापलं गेलं. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? प्रश्नात तक्रार आहे, भूकही आहे. उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या आल्या. त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. रविवारी आणि सणांना हे पुराण देवळात वाचलं जाई. (कॅथलिक माणूस आजही चर्चला देऊळच म्हणतो.) पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषांवर बंदी घातली. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं ते हस्तलिखितांवरून. ज्या राजवटीच्या आश्रयानं हे मराठी पुराण जन्मलं, तिनंच त्याची भाषा मुकी करायला काढली. याला दैवदुर्विलास म्हणण्यापेक्षा राज्यकारभार म्हणणं अधिक अचूक.

रोजच्या वस्तूवरून देवाकडे जाण्याची रीत मात्र पाद्र्यांनी इथे आणलेली नव्हे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट सांगितली, केसोबासांनी अशा गोष्टी 'दृष्टांतपाठा'त बांधल्या. येशूच्या गोष्टी मराठीत आणताना भाषांतरकारांनी शब्द घेतला तोही 'दृष्टांत'. पेरणारा, पिठात कालवलेलं खमीर, हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई, हे सगळं या मुलखाला परकं वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन मिशनरी मात्र आधी वादात रमले. 1842 मध्ये त्यांनी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'च्या सुरुवातीच्या अंकांत खंडनमंडन भरपूर, शास्त्रीय माहितीही भरपूर, पण मन मोकळं करणारं लेखन थोडं. तो सूर बदलला नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा फुलामुलांचा कवी तुकोबांना सोडून ख्रिस्ताकडे गेला नाही, तुकोबांच्याच वाटेनं गेला, हे तो स्वतः सांगत असे. अभंग आणि कीर्तन त्यानं उपासनेत आणलं. त्याची पदं प्रोटेस्टंट मंडळ्या आजही 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात धरून गातात.

माझ्या मते या परंपरेतलं सर्वांत सकस गद्य कवीचं नाही, त्याच्या बायकोचं आहे. लक्ष्मीबाईंची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागानं आली. सोवळ्यात वाढलेल्या या बाईंचा मोठा पालट घडतो तो पाण्याच्या घोटावर: जाती देवानं केल्या की माणसानं, हा विचार मनात आला आणि कोणाच्याही हातचं चालेल असं त्यांनी ठरवून टाकलं. यात धर्मशास्त्राची परिभाषा नाही, मोठ्यानं केलेला उपदेश नाही. पुढच्या कितीतरी मननांत हा संयम सापडत नाही. त्यांत करंजी दुसऱ्या ओळीत येते आणि चौथ्या ओळीत तिचं तात्पर्य.

केडगावात पंडिता रमाबाईही याच वाटेवर होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या शेवटपर्यंत खपल्या. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं.

कॅथलिकांकडे मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच चाले. 1962 ते 1965 या वर्षांतल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली आणि वसईत लेखनाला बहर आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षं चालवलं. त्यांच्या लेखणीत येशूइतकीच वसईची बावखलं (गोड्या पाण्याची तळी), वाड्या आणि उपसलं जाणारं पाणी आलं, आणि पाण्यासाठी ते रस्त्यावरही उतरले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मननांना विषय पुरवणारा एक सण नाताळइतका प्रसिद्ध नाही. मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मराठी कॅथलिकांच्या, गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो. काही गावठाणांभोवती आता शेतच उरलेलं नाही. तिथे लोंब्या बाहेरून आणवतात, वाजंत्री तेवढी गावची असते.