मुंबई–पुणे रेल्वे: घाटाचा १६० वर्षांचा हिशेब

मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, आणि जलद गाड्यांनाही त्यासाठी तीन तासांच्या वर वेळ लागतो. याचं मूळ कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरमध्ये आहे.

१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत पोचलेली आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीला आली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला घाट मोकळाच होता. तेवढा टप्पा प्रवासी पालखीतून किंवा तट्टावर बसून पार करत. बोरघाटाचं काम पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. ३७ फुटांमागे १ फूट अशी चढण, बोगद्यांमागून बोगदे, आणि पटकी व अपघातांत गेलेले हजारो मजूर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा काम तडीस नेण्याची जबाबदारी त्याच्या पत्नीने, ॲलिसने घेतली. मजुरांची नावं मात्र कुठे सापडत नाहीत.

सुरुवातीला घाटात एके ठिकाणी गाडीला उलटी दिशा धरावी लागे. नवा मार्ग काढून १९२९ मध्ये ती कटकट संपवली. त्याच सुमारास वीज आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली. तिचे सुरुवातीचे प्रवासी होते पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारे शौकीन. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो थेट १९५५ मध्ये. पुढे ती नोकरदारांची झाली. पासधारकांची जागेवरून होणारी भांडणं आणि १ जूनला पुणे स्टेशनवर कापला जाणारा केक, दोन्ही तिचीच परंपरा. सिंहगड, प्रगती, इंद्रायणी, इंटरसिटी नंतर आल्या, पण 'क्वीन'चा मान वेगळाच.

चढण मात्र तीच राहिली. पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती गाडी वर ढकलतात. प्रवाशांना तेवढ्यात वडापाव मिळतो. उतरताना पंचाईत वेगळी. मंकी हिलसारख्या ठिकाणी ब्रेक तपासण्यासाठी थांबावंच लागतं, आणि ताबा सुटलेली गाडी अडवायला शेजारी चढावर जाणारी कॅच सायडिंग असते. वेळापत्रकातली ही मिनिटं कितीही ताकदवान इंजिन लावलं तरी पूर्ण वाचत नाहीत.

द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर बस आणि मोटारींनी रेल्वेचे बरेच प्रवासी ओढले. २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती बँकरशिवाय घाट चढते, तरी पुण्याला पोचायला तिलाही तीन तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. माझ्या मते नव्या डब्यांच्या कौतुकात हाच मुद्दा निसटतो.

२०१९ मध्ये राज्य सरकारने हायपरलूपला, म्हणजे जवळजवळ निर्वात नळीतून अतिवेगाने डबे धाडण्याच्या योजनेला, पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. अर्ध्या तासाच्या आत पुणे, अशी ती घोषणा. ती योजना मांडणारी हायपरलूप वन ही कंपनी २०२३ अखेर बंदच पडली. मुंबई–पुणे–हैदराबाद हायस्पीड मार्गाचा विचार त्याहून भक्कम पायावर आहे, कारण तो जुन्या घाटमार्गाला वळसा घालून सह्याद्रीतून स्वतःची वाट काढेल. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग त्यामानाने लहान काम, पण कर्जत आणि नवी मुंबईत रोज ये-जा करणाऱ्यांचा फेरा त्याने कमी होईल. घाटाच्या पायथ्याशी मात्र तोही थांबतो.