अमेरिकेत होस्ट फॅमिलीकडे राहून शाळेचं एक वर्ष: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेतल्या शाळेत एखादं सत्र किंवा पूर्ण वर्ष शिकायचं आणि तेवढा काळ तिथल्याच एका कुटुंबात राहायचं, या योजनेचा व्हिसा म्हणजे जे-१. त्यामागे १९६१ चा फुलब्राइट-हेज कायदा आहे. व्हिसा म्हटलं की डोळ्यांसमोर दूतावास येतो, पण इथे दूतावास जवळजवळ शेवटी येतो. सुरुवात होते ती अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थेकडे. एएफएस आणि रोटरी ही या क्षेत्रातली जुनी नावं. अर्ज अनेकदा आपल्याच देशातल्या भागीदार संस्थेमार्फत जातो. अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारावा: डीएस-२०१९ हा फॉर्म, म्हणजे व्हिसासाठी लागणारं संस्थेचं पात्रता प्रमाणपत्र, कोणाच्या नावाने निघणार? ते नाव खात्याच्या यादीत नसेल, तर पुढची चर्चा थांबवलेली बरी.

पात्रतेचा नियम थोडा विचित्र लिहिलेला आहे. बालवाडी सोडून ११ वर्षांपेक्षा जास्त शालेय शिक्षण पूर्ण झालेलं नसावं, किंवा कार्यक्रम सुरू होईल त्या दिवशी वय १५ ते साडेअठरा या दरम्यान असावं. मधे ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. मात्र संस्था स्वतःच्या अटी याहून कडक ठेवू शकते, म्हणून तिचं माहितीपत्रक वाचायलाच हवं. पूर्वी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा जे-१ व्हिसावर अमेरिकेत शाळा केली असेल, तर ही वाट बंद. इंग्रजी वर्गात बसून समजेल इतपत येतं का, हे संस्था तपासते.

कागदपत्रांमध्ये पासपोर्ट, शाळेच्या गुणपत्रिका (इंग्रजीत नसतील तर भाषांतरासह), शिक्षकांची शिफारस, डॉक्टरांनी भरलेला आरोग्य फॉर्म, लसीकरणाची नोंद आणि पालकांची लेखी संमती. आजारपणात उपचार करू देण्याची परवानगीही पालकांकडून सहीनिशी घेतली जाते. लसीकरणाची नोंद आधीच शोधून ठेवा. त्या नोंदीशिवाय शाळाप्रवेश अडू शकतो, आणि किती डोस लागतात हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. आरोग्य विमा सक्तीचा आहे: एका आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण हवं. विमा संस्थेच्या शुल्कातच धरलाय की वेगळा घ्यायचा, ते लेखी विचारा.

या ढिगातला सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे होस्ट फॅमिलीला लिहायचं पत्र. मुलं ते शेवटच्या रात्री, ‘मी मेहनती आणि मनमिळाऊ आहे’ अशा छापाचं लिहून टाकतात. पण कुटुंब निवड करतं ती ते वाचूनच. जे-१ च्या शालेय योजनेत होस्ट कुटुंबाला मोबदला मिळत नाही. पात्र संस्थेमार्फत आलेल्या विद्यार्थ्यासाठी करात महिन्याला कमाल ५० डॉलरची वजावट घेता येते, एवढंच. म्हणजे ही माणसं पैशासाठी नव्हे, तर तुम्ही घरात हवे आहात म्हणून दार उघडतात. तेव्हा खरं लिहा. कुत्र्याची भीती वाटते, मांस खात नाही, रोज प्रार्थना करता, सकाळी कोणाशी बोलावंसं वाटत नाही, हे सगळं पत्रात यायला हवं. लपवलेली ॲलर्जी किंवा चालू असलेली औषधं घर मिळायला मदत करतीलही, पण तिथे पोचल्यावर त्याच गोष्टीवरून घर बदलायची वेळ येते.

कुटुंबाची तपासणीही तितकीच होते, आणि पालकांनी त्याबद्दल संकोच न करता विचारावं. घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. संस्थेचा प्रतिनिधी घरी जाऊन मुलाखत घेतो, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि विद्यार्थ्याची खोली यांचे फोटो काढतो, नात्याबाहेरच्या दोघांकडे चौकशी करतो. स्वतंत्र पलंग हवाच. हवा भरून फुगवायची गादी चालत नाही. एकट्याने राहणाऱ्या, मुलं नसलेल्या प्रौढाकडे पाठवायचं असेल, तर विद्यार्थ्याची आणि पालकांची आगाऊ संमती लागते. ही संमती कागदांच्या गठ्ठ्यात नकळत सही होऊन जाऊ देऊ नका. शाळेनेही आधी लेखी होकार द्यावा लागतो. राज्य किंवा शहर मात्र सहसा निवडता येत नाही.

घर आणि शाळा ठरली की बाकीचं भराभर होतं. संस्था डीएस-२०१९ पाठवते, त्यावरच्या क्रमांकाने आय-९०१ शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) भरायचं, डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग दूतावासात किंवा वकिलातीत मुलाखत. तिथे शिकून परत येणार आहात हे पटलं पाहिजे. होस्ट कुटुंबाचं नाव, गाव आणि शाळा विद्यार्थ्याला स्वतःला सांगता यावी. पालकांनी मागून सुचवणं बरं दिसत नाही.

कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस अमेरिकेत शिरता येतं. पोचल्यावर स्थानिक प्रतिनिधीने महिन्यातून किमान एकदा संपर्क ठेवायचा असतो. शिवाय ज्याने घर निवडलं त्याच्याऐवजी दुसऱ्या माणसाने पहिल्या दोन महिन्यांत घराला भेट द्यायची असते. कुटुंबाशी जमत नसेल तर ती भेट बोलण्याची चांगली संधी आहे, पण तिची वाट पाहत बसू नका. संस्थेचा आणि परराष्ट्र खात्याचा फोन क्रमांक ओळखपत्रावर असतो. घर बदलून मागणं हा गुन्हा नाही. मात्र परस्पर दुसऱ्या कुटुंबाकडे जाऊन राहिलात, तर व्हिसाच धोक्यात येतो.

नोकरी करता येत नाही. शेजारच्यांचं गवत कापणं किंवा मुलं सांभाळणं, असं अधूनमधून चालतं. होस्ट फॅमिली सुट्टीत देशाबाहेर नेणार असेल, तर निघण्याआधी डीएस-२०१९ वर संस्थेची सही घ्या, नाहीतर परत येताना अडवतील. तिथल्या शाळेचा शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला (डिप्लोमा) मिळेलच असं नाही. आपल्या शाळेत हे वर्ष धरलं जाणार का, हे जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. कार्यक्रम संपल्यावर ३० दिवसांत देश सोडायचा. सरकारी पैशातून गेलेल्यांना त्यानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. तोवर एच किंवा एल व्हिसा (नोकरीसाठीचे व्हिसा) आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. ही अट लागू आहे का, ते डीएस-२०१९ वर आणि व्हिसावर नोंदवलेलं असतं.