व्हॅक्यूम धरत नाही: लीक की आउटगॅसिंग?

जुनं थर्मल इव्हॅपोरेशन युनिट (निर्वातात धातू तापवून त्याचा पातळ थर, म्हणजे फिल्म, नमुन्यावर बसवणारं यंत्र) दुरुस्त करून चालू केलं की बहुधा एकच अडचण समोर येते. सुरुवातीची हवा काढणारा रोटरी पंप ठीक, त्यापुढे दाब खाली नेणारा डिफ्यूजन पंप ठीक, तरी दाब ०.०००१ मिलिबारच्या खाली जात नाही. मग ओ-रिंग (सांधे हवाबंद करणारी रबरी कडी) बदलायची घाई होते. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: बाहेरची हवा आत शिरते आहे, की चेंबरच्या भिंतींना चिकटलेलं पाणी आणि तेल वाफ होऊन सुटतं आहे? पहिलं म्हणजे लीक, दुसरं आउटगॅसिंग. गेजचा (दाबमापकाचा) काटा दोन्हींत सारखाच अडतो. पण आउटगॅसिंग असताना चेंबर उघडला, तर दमट हवेतलं नवं पाणी भिंतींवर बसतं आणि अर्धी मेहनत वाया जाते.

चाचणी सोपी आहे. पंपांकडचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि पिरानी गेजवरचा दाब दर अर्ध्या मिनिटाला लिहून आलेख काढा. पेनिंग गेज (अगदी कमी दाब मोजणारं) चालू ठेवू नका, ते स्वतःच थोडा गॅस ओढतं. रेषा सरळ चढत राहिली तर लीक, कारण बाहेरचा दाब बदलत नाही आणि दर सेकंदाला तेवढीच हवा आत येते. सुरुवातीला चढून नंतर आडवी होऊ लागली तर आउटगॅसिंग. जुन्या युनिटमध्ये बहुतेक वेळा दोन्ही असतात: आधी वाक, मग सरळ चढ. पाच मिनिटांत निकाल लावू नका. आउटगॅसिंगचा तेवढा तुकडाही सरळच दिसतो.

मग हिशेब करा. समजा चेंबर ३० लिटरचा आहे आणि सरळ भागात दाब १० मिनिटांत ०.०१५ मिलिबारने वाढला. ३० × ०.०१५ ÷ ६०० म्हणजे ०.०००७५ मिलिबार-लिटर प्रति सेकंद. पंपाचा वेग ३०० लिटर प्रति सेकंद असेल, तर या लीकमुळे दाब ०.०००००२५ मिलिबारवर अडेल. बॅफलमुळे (पंपाच्या तोंडावरची, तेलाची वाफ अडवणारी पट्टी) वेग निम्मा झाला तरी ०.०००००५. म्हणजे ०.०००१ वर अडण्याचं कारण ही लीक नाहीच, ओ-रिंग बदलून काही हाती लागणार नाही.

कोल्ड ट्रॅप (द्रव नायट्रोजनने थंड करून वाफ गोठवणारा भाग) असेल तर आणखी एक खूण मिळते. द्रव नायट्रोजन ओतताच दाब झपकन उतरला तर पाणी किंवा तेलाची वाफ आहे. हवेचा नायट्रोजन ट्रॅपवर गोठत नाही, त्यामुळे नुसती लीक असेल तर फारसा फरक पडत नाही. मोठी लीक असताना मात्र ट्रॅप भरून ठेवू नका. त्यात द्रव ऑक्सिजन साचू शकतो आणि तेलाजवळ तो धोक्याचा.

लीक आणि आउटगॅसिंग यांच्या मधला प्रकार सगळ्यात जास्त छळतो: व्हर्च्युअल लीक. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात घट्ट बसवलेल्या स्क्रूखाली हवा अडकते आणि आट्यांमधून तासन् तास झिरपते. मास स्पेक्ट्रोमीटरवर (आतले वायू ओळखणारं उपकरण) ती खऱ्या लीकसारखीच दिसते, नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन सगळे हजर. फरक हीलियम दाखवतं: बाहेरून फवारलं तर आत काहीच उमटत नाही. स्क्रूच्या आट्यांवर कानसीने उभी खाच मारली की अडकलेल्या हवेला वाट मिळते. हे करतानाच कॅडमियम मुलामा दिलेले जुने स्क्रू आणि तापणाऱ्या जागेजवळचं पितळ काढून टाका. कॅडमियम आणि पितळातलं जस्त तापल्यावर उडतं आणि फिल्ममध्ये जाऊन बसतं.

खरी लीक सापडली तर ओ-रिंगच्या खाचेत भिंग लावून पाहा. घेराच्या दिशेने गेलेला ओरखडा सहसा चालतो, आडवा छेदणारा चालत नाही. बारीक पॉलिश पेपरने घेराच्याच दिशेने घासा. व्हायटन (एक प्रकारचं रबर) ओ-रिंग असिटोनने पुसू नका, फुगते. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ग्रीस चमक येण्यापुरतंच, कारण जादा ग्रीस स्वतःच आउटगॅसिंग करतं.

आउटगॅसिंगला चेंबर बंद ठेवून रात्रभर पंपिंग आणि बाहेरून ऊब हाच उपाय. नायट्राइल रबराच्या ओ-रिंग असतील तर ८० अंश सेल्सिअसच्या आत राहा. उघडायची वेळ आलीच तर हवेऐवजी कोरड्या नायट्रोजनने भरा, नमुना बसवा आणि लगेच बंद करा.