डिस्क मोठी झाली, वेग मात्र मागेच राहिला

२० टेराबाइटची हार्ड डिस्क पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत एकदा वाचून काढायला किती वेळ लागतो? अशा डिस्कचा बाहेरच्या कडेचा वेग सेकंदाला २७०-२८० मेगाबाइटच्या आसपास असतो आणि आतल्या कडेला तो जवळजवळ निम्म्यावर येतो. सरासरी २०० मेगाबाइट धरली, तर हिशेब एक लाख सेकंदांचा होतो, म्हणजे सुमारे २८ तास. तेही मध्ये दुसरं कुठलंच काम न करता. २००७ मध्ये हिताचीने १ टेराबाइटची डिस्क आणली, तेव्हा हे काम साधारण चार तासांत उरकायचं.

नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली आणि दोन, चार किंवा जास्त डिस्क बसणारी साठवणीची पेटी. ती घेणारा माणूस आधी टेराबाइट बघतो, मग किंमत बघतो. ते साहजिकच आहे. पण माझ्या मते पहिला प्रश्न हा २८ तासांचा असायला हवा, कारण मोठ्या डिस्कची खरी परीक्षा ती चालू असताना होत नाही. यातली एखादी डिस्क बंद पडते, तेव्हा ती सुरू होते.

क्षमता वीसपट झाली आणि वेग जेमतेम तिप्पट, असं का झालं? डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल ट्रॅकमध्ये लिहिलेली असते. क्षमता वाढवायचे मार्ग तीन. एकाच ट्रॅकवर बिट जास्त दाटीने बसवायचे, ट्रॅक एकमेकांच्या जास्त जवळ आणायचे किंवा तबकड्यांची संख्या वाढवायची. यातल्या फक्त पहिल्या मार्गाने वेग वाढतो, कारण तबकडीच्या एका फेऱ्यात हेडखालून, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखालून, जास्त बिट जातात. ट्रॅक जवळ आले तर फेऱ्यांची संख्याच वाढते. तबकड्या वाढवूनही फायदा नाही, कारण साध्या डिस्कमध्ये एका वेळी एकच हेड काम करतं. सगळी हेड एकाच दांड्याला जोडलेली असतात आणि ट्रॅक इतके अरुंद, की एक हेड आपल्या ट्रॅकवर नेमकं आलं की बाकीची आपापल्या ट्रॅकवरून किंचित सरकलेली असतात. फिरण्याचा वेग मिनिटाला ७,२०० फेऱ्यांवर येऊन थांबला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दोन स्वतंत्र दांड्यांच्या डिस्क सीगेटने बनवल्या आहेत आणि त्यांचा वेग जवळपास दुप्पट होतो, पण त्या डेटा सेंटरसाठी आहेत.

आता या आकड्याचा आणि नॅसचा संबंध पाहू. नॅसमधल्या डिस्क बहुधा रेड पद्धतीने एकत्र बांधलेल्या असतात. ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी बर्कलीमधून १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेली माहिती पुन्हा काढण्याच्या हिशेबाला, जाते आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा जाते आणि दोन डिस्क गेल्या तरी चालतं. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली, की उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तिच्यावर माहिती पुन्हा उभी केली जाते. याला रीबिल्ड म्हणतात. वरचे २८ तास हा त्याचा उत्तमातला उत्तम काळ आहे. पेटी त्याच वेळी वापरातही असेल, तर दोन-तीन दिवस सहज लागतात. रेड ५ असेल तर तेवढा वेळ तुमच्यामागे दुसरा आधार नसतो.

डिस्क बिघडण्याची शक्यता किती, याचा सगळ्यांसाठी खुला असलेला चांगला हिशेब बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या साठवण केंद्रांमधून नियमित प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये तिच्या ताफ्यातल्या १.४० टक्के डिस्क बिघडल्या, २०२४ मध्ये १.५७ टक्के. दीड टक्का धरू. चार डिस्कची पेटी पाच वर्षं चालवली, तर त्यातली किमान एक डिस्क जाण्याची शक्यता सुमारे २६ टक्के येते. चौघांतल्या एकाला रीबिल्ड करावाच लागणार, असं समजून चाला.

आणि त्या २८ तासांत दुसरी जाण्याची शक्यता? उरलेल्या तीन डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता बिघडतात असं मानलं, तर उत्तर सात हजारांत एक इतकं छोटं येतं. गोम ‘असं मानलं तर’मध्ये आहे. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियान्का श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. डिस्कचे बिघाड सुटे सुटे, एकमेकांपासून स्वतंत्र येत नाहीत, असं त्यांना दिसलं. घरच्या पेटीत तर ते स्वतंत्र असण्याचं कारणच नाही. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुतेक एकाच उत्पादन-तुकडीतल्या घेतलेल्या असतात. त्या एकाच पेटीत, एकाच तापमानात, तितकेच तास फिरलेल्या असतात. आणि वर्षभर निवांत पडून राहिलेल्या तिघींना रीबिल्डच्या वेळी अचानक सलग दिवसभर राबावं लागतं. म्हणून डिस्क दोन-तीन ठिकाणांहून, शक्य असेल तर दोन कंपन्यांच्या घ्याव्यात. दिसायला विजोड, पण शहाणपणाचं.

इथे एक जुनं भाकितही तपासून घेऊ. माहितीपत्रकात ‘न वाचता येणाऱ्या चुका’ नावाचा एक आकडा असतो. एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचल्यावर कमाल एक चूक, असं तिथे लिहिलेलं असतं. इतके बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. मग २० टेराबाइटच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये रीबिल्डला ६० टेराबाइट वाचायचे असताना चार-पाच चुका ठरलेल्याच, म्हणजे रेड ५ मेली, असं गणित बरीच वर्षं मांडलं गेलं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. असंख्य लोक दर महिन्याला इतका डेटा तपासणीसाठी पूर्ण वाचतात आणि एकही चूक निघत नाही. तो आकडा कंपनीने स्वतःला घालून दिलेली कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. मी रेड ६ कडे झुकतो तो या गणितामुळे नव्हे. लांबत चाललेला रीबिल्ड आणि एकत्र म्हाताऱ्या होणाऱ्या डिस्क, ही माझी कारणं आहेत. चार डिस्कपर्यंत आणि प्रत्येक डिस्क १० टेराबाइटच्या आत असेल, तर रेड ५ ला मी नावं ठेवणार नाही. त्यापुढे दोन डिस्कचा आधार हवा. दोनच डिस्कची पेटी असेल तर सरळ मिरर करावा. तिथे रीबिल्ड म्हणजे एका डिस्कची दुसरीवर नक्कल, बाकी काही नाही.

डिस्क निवडताना सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र लिहिण्याच्या पद्धतीची आहे. वाचणारं हेड अरुंद असतं, लिहिणारं रुंद. याचा फायदा घेऊन एसएमआर पद्धतीत ट्रॅक घराच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहितात. वाचण्यापुरती पट्टी उघडी राहते आणि त्याच तबकडीवर जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. डिस्क हे काम आधी एका राखीव पट्ट्यात लिहून घेऊन नंतर फुरसतीने उरकते. रोजच्या हलक्या वापरात कळतही नाही. रीबिल्डमध्ये मात्र फुरसत मिळत नाही. राखीव पट्टा भरतो, वेग कोसळतो आणि काही तासांचं काम काही दिवसांवर जातं. कधी कधी डिस्क उत्तर द्यायला इतका उशीर लावते, की पेटी तिला बिघडलेली समजून बाहेर काढते. ज्या डिस्कने आधार द्यायचा तीच गळते.

एप्रिल २०२० मध्ये हा विषय गाजला. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल लेबलच्या मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि माहितीपत्रकात तसा उल्लेखच नव्हता. ओरड झाली, खटले झाले आणि कंपनीने मालिका वेगळ्या केल्या. साध्या लाल मालिकेत एसएमआर राहिलं, ‘प्लस’ आणि ‘प्रो’ मध्ये सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी पद्धत. आता मोठ्या कंपन्या कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं, हे जाहीर करतात. मॉडेल क्रमांक घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर हा शब्द शोधा. सापडला नाही तर ती डिस्क नॅससाठी घेऊ नका. जुन्या डिस्कच्या बाजारात आणखी एक धोका आहे. डेटा सेंटरमधून निघालेल्या काही प्रचंड डिस्क ‘होस्ट-मॅनेज्ड’ एसएमआर असतात, म्हणजे कौलं चढवण्याचा हिशेब संगणकाने ठेवायचा. साध्या पेटीत त्या चालतच नाहीत.

१२ टेराबाइटच्या वर गेलात की डिस्कच्या आत हवा नसते, हेलियम असतो. त्याची घनता हवेच्या सुमारे एक सप्तमांश. तबकड्यांभोवतीचा खळखळाट कमी होतो, त्यामुळे तबकड्या पातळ करता येतात, जास्त बसवता येतात आणि मोटरला वीज कमी लागते. एचजीएसटी या कंपनीने २०१३ मध्ये सात तबकड्यांची ६ टेराबाइटची पहिली हेलियम डिस्क आणली. आता तेवढ्याच उंचीत दहा तबकड्या सर्रास बसतात. वायू गळून जाईल या भीतीने सुरुवातीला लोक या डिस्कपासून लांब राहायचे. ती भीती बरीचशी निराधार ठरली. काही कंपन्यांच्या डिस्कच्या स्मार्ट नोंदीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, २२ क्रमांकाचा रकाना हेलियमच्या पातळीचाच असतो, तो अधूनमधून बघावा.

३० टेराबाइटच्या टप्प्यावर हॅमर तंत्र येतं. बिट फार लहान केले तर सभोवतालच्या उष्णतेनेच त्यांची चुंबकीय दिशा उलटू शकते. म्हणून लोह-प्लॅटिनमसारखा हट्टी चुंबकीय थर वापरतात. तो इतका हट्टी, की साध्या हेडच्या चुंबकीय क्षेत्राला दाद देत नाही. मग हेडवर बसवलेला लेसर शंभर नॅनोमीटरहूनही लहान ठिपका ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतो, त्या क्षणी बिट लिहिला जातो आणि ठिपका लगेच थंड होतो. हे सगळं दोन नॅनोसेकंदांच्या आत. सीगेटने जानेवारी २०२४ मध्ये या तंत्राची ३० टेराबाइटची पिढी जाहीर केली आणि २०२५ मध्ये तेवढ्याच क्षमतेची नॅससाठीची डिस्क सामान्य विक्रीत आणली. भौतिकशास्त्र म्हणून हे थक्क करणारं आहे. घरच्या पेटीसाठी मी मात्र दोन-तीन वर्षांचे बिघाडाचे आकडे हाती येईपर्यंत थांबेन. ३० टेराबाइटच्या रीबिल्डला किती वेळ लागेल, तो हिशेब तर आहेच.

‘नॅससाठी’ हा शिक्का नुसती जाहिरात आहे का? सगळी नाही. साधी डिस्क एखादा खराब भाग वाचण्यासाठी मिनिटभर धडपडते, कारण तिच्या मागे दुसरी प्रत नसते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून तसं कळवते, कारण तीच माहिती इतर डिस्कवरून उभी करता येते. दुसरा मुद्दा कंपनांचा. शेजारी फिरणाऱ्या डिस्कच्या थरथरीने हेड ट्रॅकवरून ढळतं, म्हणून चांगल्या डिस्कमध्ये ती थरथर मोजणारे सेन्सर असतात. आवाजसुद्धा पुरतो. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. निष्क्रिय वायू सुटताना झालेल्या प्रचंड आवाजाने कित्येक हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा सुमारे दहा तास ठप्प होत्या.

माहितीपत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ म्हणून दिलेल्या ‘दहा लाख तास’ या आकड्याला मात्र भुलू नका. ११४ वर्षं टिकणारी डिस्क कोणी बनवलेली नाही. वर्षाला ०.८७ टक्के बिघाड, एवढाच त्याचा अर्थ. आणि श्रोडर-गिब्सन यांच्या नोंदींत डिस्क बदलण्याचं प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के होतं. वॉरंटीची वर्षं जास्त बोलकी असतात, कारण तिथे कंपनीचे पैसे गुंतलेले असतात.

वेगाची चर्चा लवकर संपते. १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला ११०-११५ मेगाबाइटच जातात, म्हणजे मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्कही पुरून उरते. ७,२०० ची डिस्क रीबिल्ड लवकर आटोपते, पण जास्त तापते आणि जास्त आवाज करते. पेटी झोपायच्या खोलीत असेल तर हे आधी ठरवा.

डिस्क आली की तिच्यावर काही ठेवण्याआधी स्मार्टची लांब चाचणी पूर्ण होऊ द्या. नवी म्हणून घेतलेली असली तरी तिचे चाललेले तास बघा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. स्मार्टमधले तास पुसलेले होते, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरे तास तसेच राहिले होते. आणि डेटा सेंटरसाठीची डिस्क साध्या संगणकात फिरतच नसेल, तर लगेच परत करू नका. नव्या साटा जोडणीत ३.३ व्होल्टची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात. जुना पॉवर सप्लाय तिथे सतत वीज देतो आणि डिस्क जागीच होत नाही.

राहिला बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल आणि रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल रेड चारही डिस्कवर तितक्याच इमानाने उतरवते. म्हणून सगळ्या माहितीची दुसरी प्रत पेटीबाहेर, शक्यतो इमारतीबाहेरही लागते. आणि वर जिला दाराबाहेर काढलं, ती स्वस्त एसएमआर डिस्क इथे उपयोगी पडते. बॅकअप बहुतेक वेळा एका दमात, ओळीने लिहिला जातो आणि मधली कौलं उचलायची वेळ क्वचितच येते. फक्त पहिल्यांदा भरताना रात्रभरापेक्षा जास्त वेळ लागेल, तेवढा राखून ठेवा.