खांदा आखडतो तेव्हा डॉक्टर साखर का तपासतात?

माझ्या मोठ्या बहिणीचा उजवा खांदा आठ महिने दुखत होता. रात्री त्या कुशीवर वळली की जाग यायची, ब्लाउजचे मागचे हुक लावायला मुलीला हाक मारावी लागायची. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो ते एमआरआय काढूनच. शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "आधीच काढून न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल."

डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि प्रश्न सुरू केले. मान वळवल्यावर दुखणं वाढतं का? बोटांना मुंग्या येतात का? जिना चढताना त्रास होतो का? मानेतली दबलेली नस, पित्ताशय, प्रसंगी हृदयसुद्धा खांद्यात दुखू शकतं, म्हणून ही विचारपूस.

मग त्यांनी तिचं कोपर काटकोनात वाकवून कमरेला टेकवलं. "हात सैल सोडा, मी फिरवतो." दार उघडावं तसा पंजा हळूच बाहेर नेला. डावा हात सहज बाहेर गेला, उजवा मात्र थोड्याशा अंतरावर अडला, जणू आतून कुणी धरून ठेवलाय.

खांद्याच्या दुखण्यात ही तपासणी मला सर्वांत सुंदर वाटते. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी, फाटली असेल, तर रुग्णाला हात उचलणं जड जातं, पण डॉक्टरांनी उचलला तर तो बहुधा वर जातो. आखडलेल्या खांद्यात दोघांनाही जमत नाही, कारण सांध्याभोवतीची पिशवीच आवळलेली असते. सांधा झिजला असेल तरी हात असाच अडतो, म्हणून साधा एक्स-रे लागतोच.

एमआरआयचं काय? 1995 साली अमेरिकेत खांदा अजिबात न दुखणाऱ्या 96 जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या 60 वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या कंडरा कमी-अधिक फाटलेल्या निघाल्या! चित्रात दिसलेली फाट दुखण्याचं कारण असेलच असं नाही; ते हात तपासूनच ठरतं.

आता त्या पिशवीकडे येऊ. निरोगी सांध्याच्या पिशवीत साधारण 15 ते 30 मिलिलिटर द्रव मावतो, आखडलेल्या सांध्यात बऱ्याचदा 10 मिलिलिटरही नाही. ही पिशवी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांची बनलेली असते. रक्तातली साखर कुठल्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय प्रथिनांना चिकटते. पोळीवर तव्यात तपकिरी ठिपके उठतात, त्यामागेही साखर आणि प्रथिनांची अशीच अभिक्रिया असते. 1912 साली मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती प्रथम मांडली. शरीरात ती फार सावकाश चालते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब सांगते. हीच एचबीएवनसी तपासणी. कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे त्यावर साखर साचत जाते, शेजारच्या दोऱ्यांत आडवे बंध तयार होतात आणि पिशवी ताठरते. त्यात दाह झाला की फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजेन विणतात. त्यांतल्या काही मायोफायब्रोब्लास्ट बनून, जखमेचा व्रण आक्रसावा तशी पिशवी आवळतात. मधुमेहींमध्ये खांदा जास्त का आखडतो, याचं मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच. मधुमेह नसलेल्यांचा खांदाही आखडतो, विशेषतः चाळिशी ते साठीत आणि स्त्रियांमध्ये अधिक.

'नस चढलीय' म्हणत हिसका देऊन खांदा 'बसवणारे' गावोगाव आहेत. या दुखण्यात जागचं काही हललेलंच नसतं, मग बसवणार काय? ठिसूळ हाडाच्या माणसाचं दंडाचं हाड अशा हिसक्यात मोडू शकतं. चुंबकाच्या पट्ट्यावरही पैसे घालवू नका.

डॉक्टर बहुतेक वेळा वेदनाशामक, व्यायाम आणि गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. या इंजेक्शनाने मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. पूर्ण मोकळं व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

बहिणीची एचबीएवनसी 8.4 आली. आपल्याला मधुमेह आहे, हे तिला खांद्याच्या डॉक्टरांकडे कळलं. आता ती रोज स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते आणि जिथे अडतो तिथे पेन्सिलीने खूण करते. दीड महिन्यात खूण चार बोटं वर सरकली आहे.