निर्वात नलिका ध्वनिविवर्धक

निर्वात काचनळीतील इलेक्ट्रॉनांचा प्रवाह जालकाने (ग्रिड, म्हणजे तारेच्या जाळीने) कमीजास्त करून क्षीण ध्वनिसंकेत स्पीकर चालवण्याइतका सबळ करणारे उपकरण. दुरुस्तीच्या दुकानांत याला ‘व्हॉल्व्हचा अँप्लिफायर’ म्हणतात.

शोधाचे श्रेय : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांच्या नळीत (१९०४) दोनच अग्रे (इलेक्ट्रोड) होती, तिने विवर्धन होत नसे. तिसरे अग्र, म्हणजे जालक, ली डी फॉरेस्ट यांनी १९०६-०७ च्या सुमारास घातले व १९०८ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळवले. ऑस्ट्रियातील रोबेर्ट फोन लीबेन यांचे विवर्धनाचे एकस्व १९०६ चे आहे. मात्र त्यात प्रवाह चुंबकीय क्षेत्राने वळवला जाई. जालक त्यांच्या नळीत १९१० च्या सुमारास आले. त्यामुळे जालकाचे श्रेय डी फॉरेस्ट यांना देणेच योग्य वाटते. नळीचे कार्य त्यांना उलगडले होते, असे मात्र म्हणता येत नाही. आत थोडा वायू हवाच, अशी त्यांची समजूत होती. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१४ मध्ये खरे कार्य मांडले. उच्च निर्वाताची गरज हॅरॉल्ड अर्नोल्ड व अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ओळखली. यावरचा एकस्वाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९३१ पर्यंत चालला आणि लँगम्यूर यांचे एकस्व रद्द ठरले.

कार्य : ऋणाग्रावरचा (कॅथोडवरचा) बेरियम-स्ट्राँशियम ऑक्साइडांचा लेप तापला, की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ऋणाग्राभोवती त्यांचा ढग साचतो व मागून येणाऱ्यांना परत रेटतो. धनाग्राचा (प्लेटचा) धन विद्युत दाब (व्होल्टेज) या ढगातून प्रवाह ओढतो. जालकावरचा ऋण दाब तो आवरतो. जालक ऋणाग्राला फार जवळ असल्याने त्याचा प्रभाव मोठा असतो : ईसीसी८३ नळीत जालकावरचा १ व्होल्ट धनाग्रावरच्या १०० व्होल्टइतका परिणाम करतो. प्रत्यक्षात १०० किलोओहमच्या रोधावर सु. ६० पट विवर्धन मिळते.

स्पीकर चालवणाऱ्या अंतिम टप्प्यातील ईएल८४ नळीला ५ किलोओहमच्या आसपास भार लागतो, स्पीकर असतो ८ ओहमचा. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर येतो. त्याच्या वेढ्यांचे गुणोत्तर सु. २५ असते. संचाचा दर्जा बराचसा येथेच ठरतो.

स्वर : व्हॉल्व्हच्या ‘गोड’ आवाजाचे कारण वादग्रस्त आहे. ट्रायोडाचा (तीन अग्रांच्या नळीचा) प्रवाह दाबाच्या दीड घाताने वाढतो. या वक्रतेतून मुख्यतः दुसरा प्रसंवादी (हार्मोनिक), म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर, उपजतो. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत अतिभारित ट्रायोडांत दुसरा, तर ट्रान्झिस्टरांत तिसरा प्रसंवादी ठळक आढळला. पण पुश-पुल जोडणीत (दोन नळ्या उलटसुलट चालतात तीत) सम प्रसंवादी बहुतांशी परस्परांना छेदतात, आणि असे संचही गोडच मानले जातात. सारे श्रेय निर्वाताला न देता मंडल (सर्किट) व ट्रान्सफॉर्मरलाही देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

ठाणे परिसर : नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना १९७० ची. नवी मुंबई वसली तोवर घरगुती संचांत ट्रान्झिस्टर रुळला होता. तेथील व्हॉल्व्हचे संच बहुधा बिऱ्हाडाबरोबर आलेले. खाडीकाठच्या दमट हवेचा फटका नळीपेक्षा कागदी कपॅसिटरांना बसतो. दोन टप्प्यांमधला कपॅसिटर ओल धरून गळू लागला, की ईएल८४ चे जालक धन होते, प्रवाह बेसुमार वाढतो आणि पावसाळ्यानंतर प्रथमच लावलेल्या रेडिओत थोड्याच वेळात प्लेट लाल दिसू लागते. अशा वेळी नळी बदलून उपयोग नाही. नवी नळीही जाते. नळी काढून जालकाच्या पिनेवर धन दाब मिळाला, तर दोष कपॅसिटरचाच. नळीच्या आतला रुपेरी थर पांढरा पडला असेल, तर हवा शिरली आहे व ती नळी बादच. मंडलाला हात लावण्यापूर्वी फिल्टर कपॅसिटर रोधातून रिकामे करणे आवश्यक. बटण बंद केल्यावरही त्यांत २५० व्होल्ट वा अधिक दाब उरलेला असू शकतो.